स्टीलचा रॉड

चोरांच्या भीतीने घेतलेलं पिस्तूल मुकुंदरावांच्या उशाशी नंबरच्या कुलपाच्या डबीत वर्षानुवर्षं पडून होतं. त्यातला स्प्रिंग धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा गाइड रॉड तडकू शकतो, असं कुठेतरी वाचलं आणि रिटायर झालेल्या इंजिनिअरला उद्योग मिळाला. स्टीलचा रॉड मागवला, व्हिडिओ चारदा पाहिला, तासभर झटापट केली, पण रॉड काही केल्या बसेना. शेवटी चँडलर गावातल्या बंदुकीच्या दुकानात नेलं, तर तिथला माणूस हसूच लागला.

"सर, हे खेळण्यातलं आहे. हुबेहूब बनवलंय, एवढंच."

डबीचा नंबर दुसऱ्या एकाच माणसाला ठाऊक होता.

घरी सुमेधाताई फोनवर कीर्तन लावून भाजी चिरत होत्या. बुवांचा आवाज अगदी टिपेला पोचला होता.

"चाळीस वर्षांत मी तुझ्यापासून काही लपवलं का गं?" मुकुंदराव दारातूनच कडाडले. "आणि तू मला खेळण्याच्या भरवशावर झोपवत राहिलीस! माझी एवढी फसवणूक परक्यानेसुद्धा केली नसती. कधी बदललंस ते?"

कीर्तन कधीही अर्धवट न सोडणाऱ्या सुमेधाताईंनी फोन बंद केला.



"आपली इला अपघातात गेली, आणि खरं पिस्तूल मांडीवर घेऊन एकटेच बसलेले तुम्ही मला दिसलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."