बाबांचा बास

बाबांनी स्वस्तातला बास गिटार मांडीवर घेतला, दोनच ओळी वाजवल्या आणि बाजूला ठेवला. अ‍ॅम्प्लिफायरमधून निघालेल्या आवाजाने दुकानातलं काचेचं कपाट अजून थरथरत होतं.

"याच्यात दम नाही," ते हल्ली बोलतात तसं मोठ्यानेच म्हणाले. "तो दाखवा."

तो म्हणजे भिंतीवरचा परदेशी. ऑर्केस्ट्रात ड्रम्सना खेटून उभं राहण्यात बाबांचं आयुष्य गेलं, तेही दुसऱ्याच्या गिटारवर. आता तरी स्वतःचा, नावाजलेला बास घ्यायचा होता. किंमत कळल्यापासून मात्र मी रस्ताभर म्हणत होते, "बाबा, सगळे सारखेच वाजतात हो. नुसते नावाचे पैसे घेतात." ते हसून मान हलवत होते.

दुकानदाराने तो उतरवून त्यांच्या हातात दिला आणि अ‍ॅम्प्लिफायरची वायर पहिल्या गिटारमधून काढायला खाली वाकला. तेवढ्यात बाबांनी डोळे मिटले, जुन्या सवयीने हनुवटी लाकडावर टेकवली आणि वाजवायला सुरुवात केली. अख्खं गाणं वाजवलं. मला फक्त तारांची कोरडी टकटक ऐकू येत होती.

"ऐकलंस?" डोळे उघडून त्यांनी विचारलं. "कसा भरून येतोय आवाज. किंमत उगाच नसते, बाळा."

दुकानदाराच्या हातात वायर तशीच होती. तो गडबडीने ती जोडायला पुढे झाला. मी त्याचा हात धरला.

"हाच द्या," मी म्हणाले.