आणखी एक दाखला

“अनसूयामॅडम, तुमच्याच शोधाचं औषध तुमच्या भावाला. भाग्य लागतं हो!” सुई भरत सिस्टर म्हणाली.

अनसूयाबाईंनी सुईतली मात्रा पाहिली. या औषधावरच्या शोधनिबंधात त्यांच्या हातून मात्रा दुप्पट लिहिली गेली होती. पण ज्या निबंधाचे दाखले इतर निबंधांत जास्त, त्यातलंच औषध आणि मात्रा इस्पितळाचं यंत्र ठरवी. तिथे डॉक्टरांचंही चालत नसे. म्हणून आपली चूक सांगणारा नवा निबंध त्यांनी परवाच छापला होता.

“तो यंत्राने वाचला का गं?”

“वाचला की! त्यात जुन्याचा उल्लेख आहे ना, म्हणून जुन्याचा एक दाखला वाढला.”

बाईंनी भावाचा हात घट्ट धरला. “दिगू, नको घेऊस. चुकलंय माझं.”

“उपास बाधला वाटतं, ताई! तुझा दाखला देणारे चाळीस हजार विद्वान चुकले आणि तू एकटी खरी?” दिगू हसला आणि हात सोडवून त्याने तो सिस्टरपुढे केला.