उलटं छापलेलं चित्र

"हे उलटं छापलं ताई," सत्यभामाबाई म्हणाल्या. "गाय या अंगाले पाहिजे. गाढव त्या अंगाले."

अश्विनीनं कागद घेतला, मोबाइलवरच्या चित्राशी ताडून पाहिला. खरंच. डाउनलोड करताना चित्र आरशातल्यासारखं फिरलं होतं. तिच्या दोन पोरी, दहा वर्षांची समीक्षा आणि सात वर्षांची डिंपल, बाईंकडे बघतच राहिल्या.

"देवदूताच्या हातातल्या पट्टीवरची अक्षरं पण उलटी आहेत," समीक्षा म्हणाली.

"हाव, अक्षरंबी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचं चित्र उचललं.

अश्विनी खूश झाली. माणूस नेमकं मिळालं होतं. पुण्याची नोकरी लॅपटॉपवर घेऊन ती नांदुऱ्याजवळच्या मळ्यात सासूबाईंकडे राहायला आली होती. पोरींना शाळेतून काढून घरीच शिकवत होती. गणित, इंग्रजी तिचं तिला जमायचं. डिसेंबरच्या धड्याला मात्र ती अडली. नाताळची गोष्ट, जुन्या चित्रांवरून. गावात चौकशी केली तेव्हा कुणीतरी सत्यभामाबाईंचं नाव सांगितलं. मिशनच्या शाळेत तीस वर्षं होत्या, शाळा बंद पडल्यावर घरी बसल्या. भिंतीभिंतीवर हीच चित्रं होती म्हणे. अश्विनीला एवढं पुरलं. कोणत्या कामावर होत्या, ते तिनं विचारलं नाही. शिकलेली माणसं फार विचारत बसत नाहीत. त्यांना सगळं आधीच कळलेलं असतं.

बाई दर गुरुवारी यायच्या. रेल्वे लाइनीजवळ एका खोलीत त्या एकट्या राहत. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. शुक्रवार ते बुधवार त्यांच्याशी बोलणारा एकच माणूस, चक्कीवाला. तोही "बारीक का जाडं?" एवढंच. माणूस मेला की त्याच्या दारात शंभर जण जमतात. जिवंत असताना कडी वाजवायला एक जण येत नाही. गुरुवारी बाई पहाटेच लुगडं नेसून तयार बसत. ऑटो दहाला असे.

"सांगा, मरिया कोणती?" एका गुरुवारी बाईंनी विचारलं.

"निळी," डिंपल म्हणाली.

"बस. कोण्याबी देशातलं चित्र घे. निळं दिसलं की बहुतेक मरिया समजाची. खाली नाव लिहाचं कामच नाही."

"आणि हा कोपऱ्यात झोपलाय तो म्हातारा?" डिंपलनं विचारलं.

"तो योसेफ. थकला बिचारा. गावभर फिरला, कोणी जागा देल्ली नाही. मंग गोठ्यात गेले. गव्हाणीत लेकरू ठेवलं."

"आपल्याकडं आले असते तर?" समीक्षानं विचारलं.

"तुही आजी आधी आडनाव इचारते. मंग पाणी."

दोघी पोरी खिदळल्या. आतल्या खोलीत अश्विनीलाही हसू आलं, पण तिनं ते दाबलं.

प्रत्येक चित्रामागं अश्विनीनं माहितीचा कागद चिकटवला होता. बाईंनी चित्र पालथं केलं, हात लांब धरला. "चष्मा घरीच राह्यला व."

"मी वाचते," समीक्षा म्हणाली. ती दर वेळी वाचायची. कुणी सांगायच्या आधी.

शेवटचं चित्र मेंढपाळांचं होतं. त्यावर मेंढ्या कमी आहेत अशी डिंपलची तक्रार. मग घरातलं निळ्या शाईचं स्टॅम्पपॅड निघालं. अंगठ्यानं मेंढीचं अंग उमटवायचं, पेनानं पाय काढायचे. डिंपलच्या मेंढ्यांचा चिखल झाला.

"असा रट्टा नको देऊ व," बाई म्हणाल्या. "अंगठा आडवा ठेव, अन् हळूच या कडेवरून त्या कडेवर फिरव. उचलताना घसरू देऊ नको."

त्यांनी करून दाखवलं. बाईंची मेंढी अशी उमटली की तिची लोकर मोजता आली असती. समीक्षा त्या मेंढीकडे बराच वेळ पाहत होती.

तेवढ्यात अश्विनी फॉर्म घेऊन बाहेर आली.

"बाई, परीक्षेचा फॉर्म. शिकवणाऱ्याची सही लागते. आणि जानेवारीपासून तुम्ही रोज या. गोष्टी, चित्रकला, सगळं तुमच्याकडं."

रोज. बाईंनी पदरानं अंगठा पुसला. पुसतच राहिल्या.

"सही काऊन पाहिजे ताई? लोक म्हणतीन, बुढी मळ्यात जाऊन ख्रिस्ताचं शिकवून राह्यली."

"म्हणू द्या. गावाला काय, काम आहे का दुसरं?"

"पुढच्या गुरुवारी करतो."

"मागच्या दोन गुरुवारी हेच म्हणालात." अश्विनीचा आवाज थोडा बदलला. "आज शेवटची तारीख आहे. तुम्हाला गावाची इतकीच भीती वाटत असेल तर तसं सांगा. मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

बाहेर ऑटोवाल्यानं हॉर्न दिला. बाईंनी डिंपलकडं पाहिलं, मग भिंतीवर टाचलेल्या चित्रांकडं. सगळी ओळीनं लागलेली. उलटं चित्र पुन्हा नीट छापलेलं, गाय जिथल्या तिथं.

"चष्मा नाही आणला..."

"हा घ्या, सासूबाईंचा."

बाईंनी चष्मा लावला. पेन हातात घेतलं. कागदावर वरून खाली नजर फिरवली, मग खालून वर. अश्विनी समोर उभीच होती.

समीक्षा उठून बाईंच्या शेजारी येऊन बसली. फॉर्मच्या तळाशी एका रेघेवर तिनं बोट ठेवलं.

"इथं, बाई," ती हळू आवाजात म्हणाली, त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि मेंढ्यांचं स्टॅम्पपॅड पुढं सरकवलं. झाकण तिनं आधीच उघडून ठेवलं होतं.