अंगठा पुढे

मी ॲनिमेशनवाली. सासरे त्याला 'कार्टून काढत बसणं' म्हणतात. आमचा सिनेमा लागला तेव्हाही म्हणाले, "पोरासोरांचा खेळ. शुक्रवारी लागेल, सोमवारी उतरेल."

तो उतरायचं नावच घेईना. हाउसफुल्लचा बोर्ड हलेना, आणि सासूबाई तर कुणाला न सांगता तीनदा पाहून आल्या. आता गल्लीतली प्रत्येक पोरगी त्यातल्या नायिकेसारखी कमरेवर हात ठेवते, अंगठा पुढे, हनुवटी वर, आणि कुणी काही सांगितलं की विचारते, "का म्हणून?"

आज शेजारच्या चिमुरडीनं सासऱ्यांनाच ते ऐकवलं. ते तणतणत घरात आले.

"गल्लीतल्या सगळ्या पोरी बिघडवल्यास तू. आमच्या घरात आजवर कुणी असं उलटून विचारलं नव्हतं. कुठून आणलंस हे ध्यान?"

मी तोंड उघडणार, इतक्यात सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कमरेवर हात, अंगठा पुढे, हनुवटी वर.



"माझ्या जुन्या फोटोवरून काढलंय तिनं ते ध्यान. लग्नाआधी मी अशीच उभी राहायचे."