साबणाच्या डबीतलं स्टेशन

"वहिनी, कुणी पकडलं तर?" शकूकाकूंचे दीर म्हणाले.

"चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेत मी. आवाज अंगणाबाहेर जाणार नाही!"

शकूकाकूंनी साबणाच्या डबीत ट्रान्समीटर बसवला होता. अंथरुणाला खिळलेल्या काकांच्या उशाशी रेडिओ असायचा आणि काकू स्वयंपाकघरातून त्यावर त्यांच्याशी बोलायच्या. आवाज स्वच्छ यावा म्हणून त्यांनी एरियल कपडे वाळत घालायच्या तारेला जोडली होती.

महिन्याने डबीतली बॅटरी संपली. तासाभरात शेजारच्या तिघी दारात उभ्या राहिल्या.

"काकू, आज तुमचं स्टेशन लागत नाही. काकांनी भात खाल्ला का?"

काकूंचा चेहरा खर्रकन उतरला. त्या तारेने आवाज गल्लीभर नेला होता, तोही विनापरवाना. त्यांनी पक्कड आणून एरियल तोडली.

"खाल्ला," त्या म्हणाल्या. "उद्यापासून आत येऊन त्यांनाच विचारायचं."