सरांचा ढ

बारामतीच्या कॉलेजात सरांनी माझ्या नातीच्या, तेजश्रीच्या, वहीत समीकरणाशेजारी लाल पेनानं ‘ढ’ लिहिला. वर बजावलं, “अक्षर लागत नाही, टाईप करून आण.”

तिनं पानाचा फोटो एआयला दिला. क्षणात सुबक छापील समीकरण आलं.

“आबा, ह्यात δ कुठनं आला? मी डेल्टा लिवलाच न्हाय!”

साठीत अक्षरं शिकताना मी ‘ढ’वर फार अडलो होतो. लगेच ओळखला.

“अगं, सरांचा ढ हाय त्यो!”

“खोडते. न्हायतर परत वर्गात हसं व्हईल.”

“ऱ्हाऊ दे की. सरांनीच लिवलाय न्हवं?”



दुसऱ्या दिवशी सरांनी तो डेल्टा अख्ख्या वर्गाला अर्धा तास फळ्यावर समजावून सांगितला.