मिठाला गेलेली

ओक्वुदिली काका उंबऱ्यावर बसले होते. दाराची चौकट त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती आणि काही केल्या ते ती सोडत नव्हते.

अंगणात गाडी उभी. ड्रायव्हर सिल्वानुस हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. काकांचा हर्निया वीस वर्षं जुना, पण कालपासून तो दगडासारखा कडक झाला होता. गावच्या नर्सने हात टेकले होते. आज अंधार पडायच्या आत ओवेरीच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन, नाहीतर माणूस हातचा जाईल, म्हणाली होती.

"ती नर्स तर बोकडाला सर्दी झाली तरी ओवेरीला पाठवेल," काका कण्हत म्हणाले.

"दादा, हात जोडतो. चला," त्यांचे धाकटे भाऊ, पापा, विनवत होते.

"तू जा. तुझ्या लग्नाला तरी लागोसला आलो होतो का मी?"

हे मात्र खरं होतं. पन्नासेक वर्षांपूर्वीची यादवी लढाई संपल्यापासून काकांनी एकही रात्र या घराबाहेर काढली नव्हती. शेत, बाजार, चर्च, आणि दिवेलागणीला घरी. हा माणूस नव्हे, खुंटा आहे, असं गाव म्हणायचं.

मग ओलाची पुढे झाली. पापांची ही एकवीस वर्षांची लेक लागोसला रसायनशास्त्र शिकत होती. पीळ पडलेल्या आतड्याचं काय होतं, किती तासांत होतं, ते तिनं नीट समजावून सांगितलं. काकांनी शहाण्या मुलासारखं सगळं ऐकून घेतलं.

"खरं आहे तुझं, आई," ते म्हणाले, आणि चौकट आणखी घट्ट धरली.

झालं, पुन्हा आई! गेलेलं माणूस आपल्याच घरात परत जन्म घेतं, याबद्दल गावात कुणालाच शंका नव्हती. कोण आलंय तेवढंच ओळखायचं असतं. काकांच्या आईच्या मनगटावर तेलानं भाजल्याचा डाग होता, आणि ओलाची तसाच डाग घेऊन जन्मली, त्याच मनगटावर. तेव्हापासून दरवर्षी नव्या कोनफळाचा मानाचा पहिला तुकडा तिच्या ताटात पडायचा. ती सहा वर्षांची असताना तर काकांनी तिच्याकडे काकूची चुगलीही केली होती. चुलत भावंडं तिला 'आजीबाई' म्हणून चिडवायची. कॉलेजात काकांचा फोन आला की ती मैत्रिणींपासून लांब जाऊन घ्यायची. तिला लाज वाटायची.

काकूनं तिला बाजूला ओढलं. "पुतणी होऊन काय समजावत बसलीस? हे कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत. आईचं ऐकतील."

"काकू, मला नाही जमणार असलं नाटक."

"नाटक कर म्हटलं का मी तुला?" काकू म्हणाली.

ओलाची परत उंबऱ्यापाशी आली. काकांच्या पापण्यांवर हिवाळी वाऱ्याची लाल धूळ बसली होती.

"काका, खरं सांगा. का नाही यायचं?"

त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"तूच सांगितलं होतंस ना."

"काय सांगितलं होतं?"

"लढाईत. मीठ आणायला निघालीस तेव्हा. तीन महिने अळणी खात होतो आपण. तू म्हणालीस, ओक्वू, मी नदीपलीकडून मीठ घेऊन येते. मी येईपर्यंत घर सोडू नकोस. नाहीतर बाळाला कोण बघेल?" त्यांनी चौकटीला कपाळ टेकलं. "मी नाही सोडलं, आई. बाजाराला जातो, पण रात्री असतो मी इथं. विचार कुणालाही."

हॉर्न थांबला. ते बाळ, म्हणजे सत्तावन्न वर्षांचे पापा, गाडीला टेकून मटकन खाली बसले. त्यांना हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं.

दहा वर्षांच्या पोरानं दिलेला शब्द हा म्हातारा अजून पाळत होता. ज्या बाईला दिला तिची वाट बघत होता, आणि त्याच्या लेखी ती बाई समोर उभी होती. खरं-खोटं ओलाचीला ठरवता येईना, ठरवावंसंही वाटेना. तिला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा नवल जास्त वाटलं.

ती परसदारानं स्वयंपाकघरात गेली आणि मूठ मिटून परत आली. काकांचा एक हात तिनं बोट बोट करून चौकटीपासून सोडवला आणि तळव्यावर मूठ रिकामी केली.

"ओक्वू," ती म्हणाली. जन्मात तिनं काकांना एकेरी हाक मारली नव्हती. "उशीर झाला रे मला. हे बघ, मीठ आणलंय. आता मी आहे दारात. तू जा."

काकांनी मिठाला जीभ लावली. मग दुसरा हात आपसूक सुटला.

पापांनी आणि सिल्वानुसनं त्यांना धरून गाडीपर्यंत नेलं. आत बसण्याआधी काका थांबले आणि त्यांनी तळवा पापांपुढे धरला.

"घे. आईनं आणलंय."

पांढऱ्या दाढीच्या पापांनी चिमूटभर मीठ तोंडात टाकलं. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

गाडी सुरू झाली तेव्हा काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आई, मी येईपर्यंत घर सोडू नकोस हं!"

ओलाचीची लागोसची बस उद्या सकाळची होती. ती उंबऱ्यावर बसली आणि तिनं दोन्ही हातांनी चौकट धरली.